गुंगीची सवय

कुडवा हे गाव गोंदिया शहराला इतके खेटून आहे की शहर कुठे संपले आणि कुडवा कुठे सुरू झाले हे नवख्याला सांगता यायचे नाही. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतःची जागा मिळाली ती इथे. महाविद्यालय 2016 मध्ये सुरू झाले, पण ते शहरातल्या दोन जुन्या दवाखान्यांच्या आधाराने: कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय. लोकांच्या तोंडी ती केटीएस आणि बीजीडब्ल्यू. नव्या इमारतीची कोनशिला फेब्रुवारी 2024 मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते बसली.

नवे रुग्णालय म्हटले की बोलणे खाटांवर, मजल्यांवर आणि व्हेंटिलेटरच्या संख्येवर येते. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला दिवसच्या दिवस झोपवून ठेवायचे की जागे ठेवायचे, त्याला खाटेच्या कडेला बसवायचे की तसेच पडून राहू द्यायचे, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले: घशात नळी असताना माणूस जागा कसा राहील? नातेवाइकांनाही ते पटते. काचेतून निपचित पडलेला माणूस पाहून ते गावाकडे फोन करतात, ‘शांत झोपलेत.’ ही झोप मुळात कोणासाठी आली, मग सगळ्यांच्याच वाट्याला कशी आली आणि ती उतरवायची खटपट कोणी केली, याची हकिगत मात्र फार जुनी नाही. तिचा एक मोठा तुकडा मुंबईत आणि महाडला घडलेला आहे.

सुरुवात कोपनहेगनची. 1952 च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची जबर साथ आली. ब्लेग्डाम या साथरोग रुग्णालयात ऐन भरात दिवसाला पन्नासच्या घरात रुग्ण दाखल होत. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांसाठी रुग्णालयाकडे सरंजाम होता तो एवढाच: सबंध शरीर आत घ्यायची एक लोखंडी पेटी आणि छातीवर बसवायची सहा यंत्रे. पहिल्या तीन आठवड्यांत अशा 31 रुग्णांपैकी 27 दगावले. शेवटी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावणे गेले. भूलतज्ज्ञाचे काम ऑपरेशन थिएटरच्या आत, असा तो काळ. 27 ऑगस्टला इब्सेनने 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून घेतले आणि नळी बसवली. पण ती जिवाच्या आकांताने तडफडत होती आणि हवा काही आत जाईना. इब्सेनने तिला पेंटोथाल दिले. ती सैल पडली, त्याने रबरी पिशवी दाबायला सुरुवात केली आणि तिचा काळानिळा पडलेला रंग परतला.

म्हणजे ज्या प्रसंगातून अतिदक्षता विभाग जन्माला आला, त्यातच गुंगीचे औषध होते. पण ते काही मिनिटांपुरते. पोलिओने हातपाय जातात, छाती जाते. शुद्ध बहुधा जात नाही. त्यामुळे पुढचे कित्येक आठवडे हे रुग्ण जागेच होते. यंत्रे नव्हती म्हणून सुमारे 1500 वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबत बसले. उशाशी बसलेला मुलगा एका हाताने श्वास देई आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून वाचून दाखवी. डिसेंबर 1953 मध्ये इब्सेनने तिथल्या महापालिका रुग्णालयात अशा अत्यवस्थ रुग्णांसाठी कायमचा वेगळा विभाग काढला. जगातला पहिला आयसीयू म्हणून त्याचेच नाव घेतात.

इब्सेनचेच नाव का सुचले, याचे कारण मात्र पोलिओच्या गोष्टीत बहुतेकदा गळून पडते. त्याच उन्हाळ्यात त्याने धनुर्वात झालेल्या एका तान्ह्या बाळाला क्युरारे देऊन, म्हणजे त्याचे स्नायू मुद्दाम लुळे पाडून, हाताने श्वास दिला होता. मोगेन्स ब्यॉर्नबो नावाच्या डॉक्टरने ते पाहिले होते. साथीने हात टेकायला लावले तेव्हा त्याला ते बाळ आठवले आणि त्याने इब्सेनचे नाव पुढे केले. 1954 मध्ये या मंडळींनी क्युरारे, भूल आणि कृत्रिम श्वास मिळून धनुर्वाताचा उपचार कसा करायचा, याचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये लिहिला. म्हणजे आयसीयूचा वारसा दोन घरांकडून आला. पोलिओच्या घरचा रुग्ण जागा आणि धनुर्वाताच्या घरचा झोपवलेला. मुंबईला वारसा मिळाला तो मुख्यतः दुसऱ्या घरचा.

धनुर्वात आज तिशीतल्या डॉक्टरांनी क्वचितच पाहिलेला असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मात्र विळ्याने किंवा पात्याने कापलेली नाळ, तिच्यावर लावलेले शेण, पायात मोडलेला काटा, बैलगाडीचे चाक घासून झालेली जखम, एवढ्यावर माणसे जात होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात जे. सी. पटेल यांनी या रोगाला आयुष्य वाहिले. पटेल आणि जोग यांनी 1959 मध्ये रोगाच्या तीव्रतेच्या पायऱ्या लावून दिल्या, त्या आजही वापरात आहेत. पटेल आणि मेहता यांनी पुढे 8697 रुग्णांचा अभ्यास छापला. एका रोगाचे इतके रुग्ण पाहायला मिळणे हे डॉक्टरचे भाग्य असेल, गावाचे खचितच नाही.

धनुर्वाताची खोली वेगळी असे. खिडक्यांना काळे पडदे, पायांखाली आवाज न करणाऱ्या चपला, दाराशी ‘बोलू नका’. कारण उजेडाची तिरीप, दाराचा धक्का किंवा जमिनीवर पडलेला स्टीलचा ट्रे एवढे निमित्त झाले की रुग्णाचा जबडा आवळला जाई, पाठीची कमान होई आणि श्वास अडके. झटक्याच्या जोराने मणका मोडल्याची उदाहरणे आहेत. आणि हे सगळे पूर्ण शुद्धीत. अशा माणसाला झोपवणे ही दया होती आणि उपचारही. आधी बार्बिट्युरेट आणि क्लोरप्रोमाझीन, मग डायझेपाम. रॅनबॅक्सीने 1969 मध्ये ‘काम्पोज’ नावाने डायझेपाम बाजारात आणले आणि ते नाव घरोघरी झाले. धनुर्वाताच्या वॉर्डात ते घरच्या मात्रेच्या कित्येक पटींनी शिरेतून जाई.

जे. जे. रुग्णालयात डॉ. फारुख उडवाडिया यांनी या झोपेला पुढचे सगळे जोडले: गळ्यातून नळी, स्नायू सैल पाडणारे औषध, व्हेंटिलेटर, आणि आठवडेच्या आठवडे उशाशी कोणीतरी. 1987 मध्ये त्यांच्या चमूने 150 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. अतिदक्षता आल्यावर धनुर्वाताचे एकूण मृत्यू 30 टक्क्यांवरून 12 वर आले आणि तीव्र रोगातले 70 टक्क्यांवरून 23 वर. भारतातल्या अतिदक्षता वैद्यकाने आपली पत कमावली ती अशा आकड्यांवर. या सगळ्या माणसांना गाढ झोपवूनच वाचवलेले होते, हे विसरून चालणार नाही. गुंगीवर पुढे जी टीका झाली ती वाचताना या वॉर्डातल्या डॉक्टरांना मूर्ख ठरवायचा मोह होतो. तो आवरावा.

पण झोपवणे म्हणजे उपचार, ही कल्पना एकदा रुजली की तिला रोगाचे कुंपण राहत नाही. फ्रान्समध्ये आंरी लाबोरी यांनी 1950 च्या सुमारास पेथिडीन, प्रोमेथाझीन आणि क्लोरप्रोमाझीन यांचे मिश्रण काढले. शरीराची सगळी प्रतिक्रिया दाबली की माणूस धक्क्यातून तरतो, असा त्यामागचा विचार. या अवस्थेला ते कृत्रिम शीतनिद्रा म्हणत. हे ‘लायटिक कॉकटेल’ फिरत फिरत कोकणात विंचवाच्या दंशापर्यंत पोचले. तांबड्या विंचवाने डंख मारला की मूल घामाने निथळते, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी भरते. त्याला शांत करायला हे मिश्रण द्यायची पद्धत पडली. मूल शांत होई. त्याचे हृदय मात्र विषाने सुटलेल्या संप्रेरकांच्या माऱ्याखाली तसेच राही.

नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी मिश्रणापेक्षा रुग्णाकडे पाहायचे ठरवले. रात्र रात्र खाटेशी बसून नाडी, रक्तदाब आणि घाम यांच्या नोंदी ठेवल्या. त्यातून त्यांना दिसले की दाबायची आहे ती मुलाची तडफड नव्हे, आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करायच्या आहेत. प्राझोसीन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली. 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते काम छापले. विंचूदंशाने होणारे मृत्यू 30 टक्क्यांच्या घरातून एक-दोन टक्क्यांवर आले. हा आयसीयूचा प्रसंग नव्हे, बिरवाडीला आयसीयू होताच कुठे! पण शांत दिसणारा रुग्ण आणि बरा होणारा रुग्ण यांत फरक आहे, हे महाराष्ट्रात याहून स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल.

शहरांतल्या आयसीयूंत मात्र शांततेचीच सद्दी होती. हृदयरोग्यांसाठीचे विभाग मुंबईत 1968 पासून निघाले, मग सर्वसाधारण आयसीयू आले, 1993 मध्ये मुंबईत इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन स्थापन झाली. जुने व्हेंटिलेटर आडमुठे होते. रुग्णाला कधी श्वास घ्यायचा आहे हे त्यांना कळत नसे. त्यांची लय ठरलेली. रुग्ण आपल्या लयीने श्वास घेऊ लागला की दाब वाढे, भोंगा वाजे आणि सिस्टर म्हणत, ‘पेशंट फाइट करतोय.’ उपाय सोपा: आणखी एक इंजेक्शन. मिडाझोलाम आले, सिरींज पंप आला, आणि मग इंजेक्शनची गरजच उरली नाही. मिलिलिटर दर तासाला या हिशेबाने गुंगी आपोआप चढू लागली. पंप लावायला ऑर्डर लागते. तो बंद करायलाही लागते, आणि ती लिहायचे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

यंत्रे सुधारली. रुग्णाने घेतलेला बारीकसा श्वास ओळखून साथ देणारे व्हेंटिलेटर आले. गुंगी तशीच राहिली. एका सिस्टरकडे तीन-चार खाटा असल्या की हात बांधलेला, झोपवलेला रुग्ण बराच सोयीचा. तो नळी ओढत नाही, पाणी मागत नाही, खाली उतरायला बघत नाही. धोक्याची घंटा मात्र वाजून गेली होती. 1983 मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी कळवले की एटोमिडेट हे औषध सतत देऊन झोपवलेल्या जखमींत मृत्यू वाढले आहेत. ते औषध अधिवृक्क ग्रंथीचे काम बंद पाडत होते. औषध बदलले गेले, झोपवण्याची रीत नाही.

पडून राहण्याचे दुष्परिणाम त्याहून आधी माहीत होते. लंडनचे रिचर्ड ॲशर यांनी 1947 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये खाटेवर पडण्याच्या धोक्यांवर मिश्किल पण बोचरा लेख लिहिला होता. आयसीयूतल्या मोजमापांना पुढची साठ-पासष्ट वर्षे लागली. 2013 मध्ये लंडनमध्येच 63 रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला, तर दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सरासरी 17.7 टक्क्यांनी घटलेले आढळले. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून दिवस काढणाऱ्या माणसाला दहा दिवसांनी हाताने घास तोंडाशी नेता येत नाही, ते याचमुळे. घरचे म्हणतात, अशक्तपणा आला आहे, सूप पाजा. सूप पाजून तो स्नायू परत येत नाही.

दुसरे नुकसान डोक्याचे. गुंगीतून अर्धवट वर आलेला माणूस पांघरुणाची टोके चिवडतो, भिंतीवर किडे दाखवतो, मेलेल्या आईशी बोलतो. गावाकडे याला वातात बडबडणे म्हणतात. डॉक्टर डेलिरियम म्हणतात. त्याचा दुसरा प्रकार अधिक फसवा. त्यात माणूस गप्प, छताकडे बघत पडून राहतो आणि फाइलवर ‘पेशंट शांत’ अशी नोंद होते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वेस ईली यांच्या चमूने 2001 मध्ये बोलता न येणाऱ्या रुग्णातला डेलिरियम दोन मिनिटांत ओळखायची चाचणी बसवली. दहा अक्षरे म्हणायची, ‘ए’ ऐकल्यावर रुग्णाने हात दाबायचा. मग दगड पाण्यावर तरंगतो का, समुद्रात मासे असतात का, असे साधे प्रश्न. गोंदियाला ही चाचणी नेताना थोडी डागडुजी लागेल. घरी पोवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या आजोबांना इंग्रजी ‘ए’चे काय सोयरसुतक? आणि तलावांच्या जिल्ह्यात मासे विचारायचेच तर नवेगावबांधचे विचारावेत.

गुंगीत ठेवले तर यातना आठवणार नाहीत, हा सगळ्यांत दयाळू युक्तिवाद. तोही टिकला नाही. लिव्हरपूलजवळच्या एका रुग्णालयातून बाहेर पडलेल्या रुग्णांचा पाठपुरावा क्रिस्टिना जोन्स यांनी केला. 2001 मध्ये त्यांनी दाखवले की पुढे मनावर ओरखडे राहतात ते खऱ्या आठवणींनी नव्हे. गुंगीतल्या खोट्या, भयानक आठवणींनी राहतात. नळी टोचली हे आठवणारा माणूस सावरतो. परिचारिका आपला जीव घ्यायला टपली होती, असे आठवणारा वर्षभर झोपत नाही.

बंड केले ते जुन्या पिढीतल्या एका डॉक्टरने. डेन्व्हरचे टॉमस पेटी 1964 पासून व्हेंटिलेटर हाताळत होते आणि त्यांच्या पहिल्या रुग्णांना ते जागे ठेवून खुर्चीत बसवत. 1998 मध्ये त्यांनी हताश होऊन लिहिले की आता राउंडला गेले की हालचाल नसलेली, मेल्यासारखी शरीरे दिसतात आणि जिवंतपणाची खूण फक्त मॉनिटरवर. दोन वर्षांनी शिकागोच्या जॉन क्रेस यांनी 128 रुग्णांवरचा प्रयोग छापला. कल्पना अगदी साधी: रोज सकाळी गुंगीचा पंप बंद करायचा, माणूस जागा होईपर्यंत थांबायचे, गरज वाटली तरच निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करायचा. व्हेंटिलेटरचे दिवस 7.3 वरून 4.9 वर आले. 2008 मध्ये सकाळच्या या जागे करण्याला स्वतःच्या श्वासाची परीक्षा जोडली गेली. 336 रुग्णांच्या त्या अभ्यासात दर सात रुग्णांमागे एक जण वर्षअखेर जास्तीचा जिवंत राहिला. आयसीयूतल्या किती औषधांना असा हिशेब दाखवता येईल?

मग चालणे. सॉल्ट लेक सिटीत पॉली बेली या परिचारिकेच्या पुढाकाराने घशात नळी असलेले रुग्ण वॉर्डात चालू लागले. 2007 च्या त्यांच्या अहवालात 103 रुग्णांचे बसणे, उभे राहणे, चालणे मिळून 1449 प्रसंग नोंदले आहेत. 2009 मध्ये श्वाइकर्ट यांच्या अभ्यासात व्हेंटिलेटर लागताच व्यायाम सुरू केलेल्यांपैकी 59 टक्के रुग्ण घरी जाताना आपले आपण आंघोळ-कपडे-जेवण करू शकत होते; नेहमीच्या पद्धतीत 35 टक्के. आणि 2010 मध्ये चक्र पुन्हा डेन्मार्कात आले. ओडेन्सच्या थॉमस स्ट्रॉम यांनी 140 रुग्णांत एका गटाला गुंगीचे औषधच दिले नाही, वेदनेपुरते मॉर्फीन तेवढे. त्यांचे व्हेंटिलेटरविना दिवस सरासरी 4.2 ने वाढले.

त्या डॅनिश अभ्यासाच्या आत एक ओळ आहे आणि भारतात तीच सगळ्यांत महत्त्वाची: दर रुग्णाला एक परिचारिका होती, आणि रुग्ण बेचैन झाला तर त्याच्याशी बोलायला, धीर द्यायला आणखी एक माणूस. म्हणजे औषधाच्या जागी माणूस.

उत्साहाला पुढे लगामही बसला. त्याच डॅनिश मंडळींनी नॉर्वे आणि स्वीडनला सोबत घेऊन 700 रुग्णांवर मोठा प्रयोग केला. 2020 मधल्या निकालात 90 दिवसांतले मृत्यू गुंगीविना 42.4 टक्के, हलक्या गुंगीत 37. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने 750 रुग्णांपैकी एका गटाला लवकर आणि जास्त हालचाल करवून पाहिले. दिवसाला सुमारे 21 मिनिटे विरुद्ध 9. फायदा दिसला नाही, उलट रक्तदाब किंवा नाडी बिघडण्यासारखे प्रकार दुपटीने झाले. काही जणांनी यावरून जागे करणे-बसवणे सगळेच फोल ठरवले. ते घाईचे आहे. या दोन्ही अभ्यासांत तुलनेचा गट गाढ झोपवलेला आणि दहा दिवस न हललेला नव्हता. तोही हलक्या गुंगीत होता आणि रोज थोडा हलवला जात होता. वाद उरला आहे तो थोडे आणि खूप यांतला. पंप चालू ठेवून विसरून जाण्याच्या बाजूने कोणताच निकाल नाही.

विदर्भात या वादाला आणखी एक घडी पडते, कारण इथले रुग्णच निराळे. पावसाळ्यात धानाच्या मुलखात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंश दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. प्रतिविष दिले तरी मज्जातंतूंच्या टोकांवर झालेली इजा लगेच भरून येत नाही. व्हेंटिलेटरवर काही दिवस काढावेच लागतात. या माणसाला बोट हलवता येत नाही, बाहुल्याही उजेडाला दाद देत नाहीत. मेंदू मृत झाला असा समज होऊन उपचार थांबवण्यापर्यंत वेळ आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. आणि तो सगळे ऐकत असतो. कोपनहेगनच्या पोलिओच्या मुलांचा हा विदर्भातला भाऊबंद. त्याला भरमसाट गुंगी देणे चूक, कारण मग तो परत येतोय की नाही हेच कळत नाही. पण त्याला काहीच न सांगता तसा ठेवणे हे क्रौर्य. बोटाने पापणी उचलून ‘बाबा, तुम्ही दवाखान्यात आहात, साप चावलाय, घशात नळी आहे म्हणून आवाज निघत नाही, चार दिवसांत हात हलेल’ एवढे दर पाळीला सांगणे हा इथे औषधाचाच भाग.

दुसरा रुग्ण फवारणीचा किंवा कीटकनाशक प्यालेला. ऑगस्ट ते ऑक्टोबर 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, तेव्हा हे विष शहरी वर्तमानपत्रांतही आले. फॉस्फरसयुक्त विषावर ॲट्रोपिन द्यावे लागते आणि ॲट्रोपिन भरपूर झाले की माणूस तापतो, लाल होतो, हवेत हात मारतो, नळी उपसतो. मग हात गॉझपट्टीने खाटेला बांधले जातात आणि मिडाझोलाम सुरू होते. ॲट्रोपिन जास्त झाल्याने आलेला वात आणखी गुंगी देऊन झाकायचा, की ॲट्रोपिनचा वेग कमी करायचा? रात्री अडीच वाजता एकट्या निवासी डॉक्टरने हे ठरवायचे असते.

कोरोनाने तर वीस वर्षांचे शिकलेले दोन महिन्यांत पुसले. पीपीई किटमध्ये सतत आत-बाहेर करता येत नव्हते, नळी निघाली तर पुन्हा घालणे जिवावरचे होते, आणि नातेवाईक तर दाराच्या बाहेरही नाहीत. जगभर पुन्हा गाढ गुंगी, पुन्हा मिडाझोलाम. 14 देशांतल्या 69 आयसीयूंमधल्या 2088 कोविड रुग्णांच्या पाहणीत 64 टक्क्यांना त्या जातीची औषधे दिली गेली होती आणि जवळजवळ 55 टक्क्यांना डेलिरियम झाला. त्याच पाहणीत एक गोष्ट ठळक दिसली: घरच्या माणसाची भेट झाली, अगदी फोनच्या पडद्यावरून झाली तरी, डेलिरियमचा धोका कमी.

घरचे माणूस ही आपल्याकडची जुनी सोय. सरकारी दवाखान्यात कूस बदलणे, पुसून घेणे, पाणी पाजणे हे सोबतच्या माणसानेच करायचे असते. व्हेंटिलेटर रिकामा नसेल तर अंबू बॅगही त्याच्याच हाती येते. ही पिशवीही डेन्मार्कचीच, 1956 ची. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांचे काम इथे पोराने बापासाठी केले आहे, रात्र रात्र, बोटांना पेटके येईपर्यंत. व्हेंटिलेटर मिळाला की मात्र त्याच पोराला बाहेर काढतात आणि भेटीची वेळ पाच मिनिटे ठरते. संसर्गाची भीती हे कारण सांगितले जाते. ते अगदीच खोटे नाही, पण ॲप्रन घालून, हात धुऊन आत बसलेल्या माणसाला लागू पडेल इतके खरेही नाही.

नवजात बाळांच्या बाबतीत हे दार उघडले आहे. केंद्र सरकारने 2017 मध्ये बाळांच्या विशेष काळजी कक्षांसाठी कुटुंबाच्या सहभागाच्या सूचना काढल्या: आईवडिलांना हात धुण्यापासून बाळाला छातीशी धरण्यापर्यंत शिकवायचे आणि आत घ्यायचे. अडीच किलोच्या बाळाला जे चालते ते साठ किलोच्या बापाला का चालू नये, याचे उत्तर मोठ्यांच्या आयसीयूंनी अजून दिलेले नाही.

कुडव्याला नवा विभाग मांडताना हिशेब असाच मांडावा लागेल. व्हेंटिलेटरच्या प्रत्येक रुग्णामागे दर पाळीला एक परिचारिका, हा मान्य निकष. दहा खाटा धरल्या तर तीन पाळ्यांना तीस, आणि साप्ताहिक सुट्ट्या, रजा, बाळंतपणे धरून चाळीस-पंचेचाळीस जणी. रविवारीही येणारा फिजिओथेरपिस्ट. सकाळी आठला पंप बंद करायची लेखी ऑर्डर, आणि तो बंद केल्यावर पुढचा तासभर खाटेशी उभे राहायला एक माणूस. घड्याळ आणि खिडकी रुग्णाला दिसेल अशी खाटेची दिशा. उशाशी एक स्टूल, त्याच्या चष्म्यासाठी आणि कवळीसाठी एक डबी, कारण आयसीयूत शिरताना या दोन गोष्टी नातेवाइकांच्या पिशवीत जातात आणि मग माणसाला समोरचे नीट दिसत नाही, बोलताही येत नाही. यातली डबी दहा रुपयांची आहे. पंचेचाळीस जणींच्या पदांना मात्र मंत्रालयातून मंजुरी लागते.